मेळघाट वणवा-अंदाज : वारा, आर्द्रता आणि पाचोळा यांच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

कामाची हद्द ठरली. गाविलगडच्या डोंगररांगेतलं सागाचं पानगळी जंगल, धारणी आणि चिखलदरा तालुके, उत्तरेला तापीचं खोरं. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणजे १२१ दिवस.

अंदाज कशाचा करायचा, हे आधी नीट लिहून ठेवतोय, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. 'एप्रिलमध्ये धोका जास्त आहे' हे सांगायला संगणक लागत नाही, ते प्रत्येक वनरक्षकाला ठाऊक असतं. त्याला हवं असतं ते वेगळंच: उद्याचा दिवस कालच्यापेक्षा वेगळा आहे का, असेल तर किती वाजता, आणि वारा कोणत्या अंगाने येणार. १२१ पैकी शंभर दिवस नकाशा लाल दाखवला, तर एकशे एकाव्या दिवशी कोणी त्याच्याकडे बघणार नाही.

सुरुवात कॅनडाच्या एफडब्ल्यूआय (वणवा-हवामान निर्देशांक) पद्धतीने. रोज दुपारची चारच मापं लागतात: तापमान, सापेक्ष आर्द्रता, १० मीटर उंचीवरचा वारा आणि मागच्या २४ तासांचा पाऊस. त्यांतून ओलाव्याचे तीन अंक निघतात. एफएफएमसी हा अगदी वरच्या हलक्या पाचोळ्याचा. तो एका दिवसात बदलतो. डीएमसी हा त्याखालच्या सैल थराचा, त्याला साधारण १२ ते १५ दिवस लागतात. डीसी खोल थराचा, ५० दिवसांच्या पुढचा. एफएफएमसी आणि वारा मिळून आयएसआय, म्हणजे आग किती वेगाने पसरेल. डीएमसी आणि डीसी मिळून बीयूआय, म्हणजे जळायला किती माल तयार आहे. शेवटी या दोघांचा मिळून एफडब्ल्यूआय.

२ डिसेंबर २०२४

मागच्या ३० वर्षांचं (१९९५ ते २०२४) हवामान ईआरए५-लँड या युरोपीय हवामान-संग्रहातून घेतलं. चौकट ०.१ अंशाची, म्हणजे सुमारे ९ किलोमीटरची. चार ठिकाणी घसरायला होतं. कोणी हेच काम हाती घेणार असेल तर त्याचे आठवडे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, दुपार. हा डेटा जागतिक वेळेत असतो. '१२ वाजता'चं मूल्य उचललं तर ते भारतात सायंकाळी साडेपाचचं निघतं. मेळघाट ७७ अंश रेखांशाच्या आसपास, त्यामुळे मार्चमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात जवळपास साडेबाराला. म्हणून जागतिक वेळेतलं ७ वाजताचं मूल्य घ्यायचं, म्हणजे आपलं १२:३०.

दुसरी, पाऊस. ईआरए५-लँडमध्ये पाऊस जागतिक मध्यरात्रीपासून साचवत नेलेला असतो आणि एकक मीटर असतं. ताशी आकडे बेरजेला घातले तर एकच सर दहा-पंधरा वेळा मोजली जाते आणि जंगल कागदावर भिजून चिंब होतं. दिवसाचा एकूण पाऊस म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या शून्य वाजताचं मूल्य, गुणिले १०००. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी ८:३० ते ८:३० अशी असते आणि तिच्यावर शेवटच्या दिवसाची तारीख पडते. दोन्ही स्रोत एकत्र वापरताना ही एका दिवसाची सरक तपासलीच पाहिजे.

तिसरी, वारा. डेटा मीटर प्रति सेकंद, सूत्र किलोमीटर प्रति तास. ३.६ ने गुणायचं राहिलं तर चूक डोळ्याला दिसत नाही, कारण आकडे पटण्यासारखेच येतात. पण परिणाम मोठा आहे. ५ मीटर प्रति सेकंद म्हणजे १८ किलोमीटर प्रति तास. त्याचा वारा-गुणक २.४८ येतो आणि चुकीने ५ धरला तर १.२९. आयएसआय थेट अर्ध्यावर येतो.

चौथी, आर्द्रता. ती थेट मिळत नाही, दवबिंदूवरून काढावी लागते. इथे दिवसाचं सरासरी तापमान आणि दुपारचा दवबिंदू अशी सरमिसळ कधीच करू नये.

१४ डिसेंबर २०२४

कोड चालला, पण फेब्रुवारीत डीसी विचित्र संथ चढत होता. कारण सापडायला दोन दिवस लागले, आणि ते महाराष्ट्राला नेमकं मधोमध कापणारं निघालं.

डीएमसी आणि डीसीच्या सूत्रात दिवसाच्या लांबीची महिनावार कोष्टकं आहेत. मूळ कोष्टक कॅनडाचं, ४६ अंश अक्षांशाचं. उष्ण प्रदेशासाठी वेगळी कोष्टकं नंतर जोडली गेली. डीएमसीसाठी १० ते ३० अंश असा पट्टा आहे, म्हणजे सगळा महाराष्ट्र त्यात बसतो. डीसीचा उष्ण कटिबंधाचा आकडा (बारा महिने १.४) मात्र २० अंशांपर्यंतच लागू होतो. त्याच्या वर गेलं की प्रचलित कोड गुपचूप कॅनडाचं कोष्टक लावतो. सातारा १७.७ अंशांवर, तिथे काही अडचण नाही. मेळघाट २१ अंशांच्या वर, आणि त्याला जानेवारी ते मार्चसाठी कॅनडाच्या हिवाळ्याचा उणे १.६ लागतो.

फेब्रुवारीत दुपारचं तापमान ३४ अंश धरलं तर उणे १.६ ने डीसी दिवसाला ५.८ चढतो, १.४ ने ७.३. २८ दिवसांत ४२ चा फरक. जून-जुलैत उलटं होतं, तिथे कॅनडाचा आकडा ५.८ ते ६.४ आहे. मेळघाटातला फेब्रुवारीचा सूर्य कॅनडातल्या विनिपेगचा नाही, त्यामुळे १.४ हाच आकडा २२ अंशांपर्यंत वापरायचं ठरवलं आणि कोडमध्ये तशी ठळक टीप टाकली. जळगाव, धुळे, नंदुरबार, नागपूर, गोंदिया या सगळ्या जिल्ह्यांसाठी काम करणाऱ्याला हाच खड्डा लागणार.

डीएमसीचं कोष्टक बरोबर लागलंय का, हे तपासायला मे महिना बघावा. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दिवसाची वाढ ६.९ यायला हवी. ९.६ येत असेल तर तिथेही कॅनडाच बसलाय.

३ जानेवारी २०२५

३० हंगामांची मागे जाऊन आकडेमोड पूर्ण. सगळ्यात महत्त्वाची नोंद ही.

पावसाळा संपल्यावर डीसी १५ आणि डीएमसी ६ वर सुरू केले. कॅनडात मध्ये मध्ये पाऊस येऊन हे अंक खाली येतात. आपल्याकडे ऑक्टोबरनंतर महिनोन्‌महिने थेंब नाही, त्यामुळे ते चढतच राहतात. ३६ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या मार्चमधल्या दिवशी डीएमसी ५ ने वाढतो. अशा दिवसांची रांग लागली की बीयूआय २०० च्या पुढे जातो आणि तिथून पुढे त्याचा आवाजच बंद होतो. याचं कारण सूत्रात आहे. बीयूआयचा गुणक ४० च्या वर जाऊच शकत नाही. बीयूआय १०० ला तो २७.९, २०० ला ३८.३, ४०० ला ४०. म्हणजे कोरडेपणा दुप्पट झाला तरी एफडब्ल्यूआयवर जेमतेम परिणाम. आयएसआय १३ धरला तर बीयूआय २०० ला एफडब्ल्यूआय ४६, ४०० ला ४७.

आता हेच युरोपच्या वर्गवारीत टाका. तिथे ३८ च्या पुढे अतिउच्च धोका, ५० च्या पुढे टोकाचा. एफएफएमसी ९५ आणि वारा ८ किलोमीटर, म्हणजे मार्चच्या शेवटची अगदी साधी दुपार, तिचा आयएसआय १३. मेळघाटातली साधी दुपार युरोपच्या नकाशावर अतिउच्च धोक्याची ठरते. वारा १८ झाला की एफडब्ल्यूआय ६४, टोकाचा. मार्च ते मे एकच रंग.

यावरून दोन निर्णय. परदेशी उंबरठे पूर्ण बाद. आणि कोरड्या हंगामाच्या मध्यावर बीयूआयकडे लक्ष न देता हलक्या पाचोळ्याचा ओलावा आणि वारा याच दोन गोष्टी तासातासाला बघायच्या. आयएसआयमध्ये दम शिल्लक आहे: एफएफएमसी ९५ ला वारा ८ असेल तर १३, १८ ला २१, ३० ला ३९.

उंबरठा आता स्थानिक. प्रत्येक चौकटीसाठी, प्रत्येक तारखेच्या मागचे-पुढचे सात दिवस धरून, ३० वर्षांतली ४५० मूल्यं. उद्याचा आयएसआय त्यांतल्या वरच्या १० टक्क्यांत असेल तरच 'वेगळा दिवस'. हंगामात असे सुमारे १२ दिवस येतील, वरच्या ३ टक्क्यांचे तीन-चार. एवढे निरोप माणूस वाचतो.

एक पुरवणी अट: अंदाजित पाचोळा-ओलावा ८ टक्क्यांच्या वर असेल तर निरोप जाणार नाही. नाहीतर फेब्रुवारीतला 'नेहमीपेक्षा वाऱ्याचा' पण दमट दिवस उगाच लाल दिसेल.

२२ जानेवारी २०२५

तपासणीसाठी एक छोटं केंद्र उभं केलं. एसएचटी३१ सेन्सर (आर्द्रता ±२ टक्के, तापमान ±०.२ अंश), वाट्यांचा वारामापक, दिशादर्शक, ०.२ मिमी प्रति झोका असलेला पर्जन्यमापक, नोंदी ठेवणारी ईएसपी३२ चिप आणि सौर पॅनल. नोंद दर १० मिनिटांनी.

सेन्सरचं कवच बाजारातून घेतलं होतं, पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्यांचं. थाळ्यांमधली फट इतकी कमी की वारा आत शिरतच नव्हता. वारा पडला की दुपारी तापमान खऱ्यापेक्षा वर आणि आर्द्रता खाली जायची, म्हणजे दोन्ही चुका धोका वाढवण्याच्याच दिशेने. थाळ्यांमध्ये जादा वॉशर घालून फट २० मिमी केली आणि आतला पृष्ठभाग काळा रंगवला. शेजारी ओला-कोरडा तापमापक झुलवून तीन दुपारी पडताळा घ्यायचा, त्याशिवाय एकही आकडा वापरायचा नाही.

वारामापक ३ मीटरच्या खांबावर आहे. १० मीटरला नेण्यासाठी आखूड गवतात १.२६ ने आणि गुडघाभर गवतात १.३५ ने गुणायचं. खांबापासून झाडं त्यांच्या उंचीच्या दहापट लांब असावीत. डोंगरात अशी जागा मिळणं कठीण, म्हणून आठ दिशांना झाडांचं अंतर मोजून नोंदवलंय.

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यावर सागाचं एक पान पडलं की काम संपलं. पाऊस पानावरून बाहेर ओघळतो आणि यंत्र शून्य दाखवतं. वर १० मिमी छिद्रांची जाळी घुमटासारखी बसवली, सपाट नाही. सपाट जाळीवर पान टिकतं. एफएफएमसीचं सूत्र ०.५ मिमीपर्यंतचा पाऊस धरत नाही, म्हणजे दोन झोके दुर्लक्षित आणि तिसरा मोजला जातो. एकेका झोक्याला महत्त्व आहे. केबल लोखंडी नळीतूनच न्यावी. माकडं आणि उंदीर दोघेही उघडी केबल ठेवत नाहीत.

९ फेब्रुवारी २०२५

पाचोळ्याचा खरा ओलावा मोजण्याची पद्धत पक्की केली.

दुपारी २ ते ३, सावलीतल्या आणि उन्हातल्या अशा पाच-पाच जागा. प्रत्येक जागी दोन डबे: एकात सगळ्यात वरची सुटी पानं, दुसऱ्यात खालचा दबलेला थर. माती आणि खडे नकोत. ६० ते ८० ग्रॅम नमुना, हवाबंद झाकण, वर चिकटपट्टी. जागेवरच ०.१ ग्रॅमच्या काट्यावर वजन. नंतर भट्टीत १०५ अंशाला २४ तास, डबा बंद करून थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा वजन. ओलावा म्हणजे घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. ८४ ग्रॅमचे ८० झाले तर ५ टक्के. ओल्या वजनाने भागण्याची चूक वाळक्या पानात लपून राहते (४.८ येतात), पण हिरव्या गवतात उघडी पडते: १५० ग्रॅमचे ६० झाले तर खरं उत्तर १५० टक्के, चुकीचं ६०.

सागाचं पान हातात घेऊन बघण्यासारखं आहे. हातभर लांब, खरखरीत, वाळताना कडा आत वळतात आणि पान द्रोणासारखं उभं राहतं. त्यामुळे पानांखाली हवा खेळती राहते आणि जाळाला भाता आयताच मिळतो. मधली शीर वाकवली आणि कट्‌कन तुटली तर पान पूर्ण वाळलंय. वाकून लोंबली तर अजून दमट आहे. पानाचा पातळ भाग तासाभरात हवेशी जुळवून घेतो, शीर आणि देठ मागे राहतात. म्हणून नमुन्यात पानं अख्खीच घ्यायची, चुरा नाही.

एफएफएमसी मुळात कॅनडाच्या पाइन जंगलातल्या बारीक, दाट बसलेल्या थरावर बेतलाय. सागाचा द्रोण त्याहून लवकर वाळतो आणि रात्री लवकर दमट होतो. म्हणून ताशी हिशेबासाठी समतोल-ओलाव्याचं जुनं सूत्र जोडलं. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला पान ३.१ टक्क्यांवर स्थिरावतं, २४ अंश आणि ६० टक्क्यांना १०.५ वर. पहाटे आणि दुपारी एकाच पानाची वागणूक इतकी वेगळी.

२० फेब्रुवारी २०२५

पडताळ्यासाठी व्हीआयआयआरएस उपग्रह-संवेदकाच्या आगीच्या नोंदी, ३७५ मीटर, २०१२ पासूनच्या. तीन उपग्रहांवर हा संवेदक आहे, पण सगळे दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपासच फिरतात. तिसऱ्या प्रहरी लागून संध्याकाळी विझवलेली आग त्यांना दिसतच नाही. 'नोंद नाही' म्हणजे 'आग नाही' असं धरून मॉडेल शिकवलं, तर ते वनमजुरांच्या मेहनतीलाच ओला दिवस समजेल.

गव्हाची आणि तुरीची धसकटं पेटवलेली शेतं वनसीमेच्या नकाशाने गाळली. ७५० मीटर आणि एका दिवसाच्या आतले ठिपके एकच आग धरले. किती क्षेत्र जळलं ते सेंटिनेल-२ उपग्रहाच्या २० मीटर चित्रांवरून, आधी-नंतर तुलना करून.

गुण देण्याची पद्धत फार महत्त्वाची. सगळे दिवस पिसून त्यांतले २० टक्के चाचणीला काढले, तर १२ एप्रिल शिकवणीत आणि १३ एप्रिल परीक्षेत येतो. तोच वणवा दोन्हीकडे असतो आणि गुण फुगतात. म्हणून दर वेळी एक अख्खं वर्ष बाहेर ठेवायचं. आणि स्पर्धक म्हणून नेहमी एक साधं कोष्टक: त्या तारखेला आजवर सरासरी किती आगी लागल्या. त्याला हवामान ठाऊक नसतं, फक्त पंचांग ठाऊक असतं. मॉडेल त्याला हरवत नसेल, तर त्यानेही पंचांगच पाठ केलंय.

१२ मार्च २०२५

मोहाच्या फुलांचे दिवस. आपल्याकडे वीज पडून लागणारे वणवे अपवादच, जवळपास सगळ्या आगी माणसाच्या हातून. त्यामुळे अंदाजात माणसाचं घड्याळ धरलं नाही तर वारा आणि आर्द्रता अर्धीच गोष्ट सांगतात.

मोह पहाटे गळतो. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आदल्या संध्याकाळी किंवा उजाडायच्या आत पेटवला जातो. तेव्हा पानात १० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि वारा पडलेला असतो, त्यामुळे आग गुमान झाडाखालीच रांगते आणि विझल्यासारखी दिसते. पण एखादा जुना बुंधा, वाळकं शेण किंवा बांबूचं बेट आत धुमसत राहतं. दुपारी एकला तिथलाच पाचोळा ४ टक्क्यांवर येतो, वारा सुटतो आणि तीच धग बाहेर पडते. काडी पेटते सकाळी, वणवा होतो दुपारी.

यावरून निरोपाची वेळच बदलली. आधी सकाळी ७ ला पाठवायचं ठरलं होतं, ते उशिराचं आहे. निरोप आदल्या संध्याकाळी ६ ला गावात पोचला पाहिजे, म्हणजे पेटवायचं की झाडून काढायचं हे ठरण्याआधी. त्यासाठी जीएफएस या अमेरिकी जागतिक हवामान-मॉडेलच्या अंदाजाची पहाटे साडेपाचची धाव वापरायची. ती सकाळी साडेदहा-अकरापर्यंत हाती येते, आणि दुरुस्ती-तपासणीला दुपार मिळते. उद्याच्या दिवसावर लाल खूण असेल तर एकच मागणी: उद्या पाचोळा जाळू नका, खराट्याने झाडा किंवा झाडाखाली जाळी बांधा. रोज 'जाळू नका' म्हटलं तर ते कोणालाच पाळता येणार नाही, कारण मोहावर घर चालतं. हंगामात बारा दिवस म्हटलं तर पाळता येतं. तेंदूपानाच्या आधी नवी पालवी यावी म्हणून लावल्या जाणाऱ्या आगींनाही हेच लागू.

कोरकू बोलीतला ध्वनिनिरोप आणि मराठी मजकूर, दोन्ही द्यायचे.

२७ मार्च २०२५

जीएफएसची चौकट ०.२५ अंश, सुमारे २७ किलोमीटर. तिच्यात वैराटचं ११७८ मीटरचं टोक आणि सिपना नदीचं खोरं एकाच सपाट उंचीवर येतात. तापमान दर किलोमीटरला ६.५ अंश या हिशेबाने दुरुस्त करायचं. आर्द्रतेचा आकडा मात्र तसाच उचलायचा नाही. दवबिंदू घ्यायचा आणि दुरुस्त तापमानावर आर्द्रता नव्याने काढायची. शिवाय केंद्रावरच्या मागच्या १५ दिवसांच्या १२:३० च्या फरकाची सरासरी वजा करायची.

वाऱ्याचं काम जास्त नाजूक. १० मीटरचा वारा मोकळ्या गवतात ज्वाळेपर्यंत साधारण ४० टक्के पोचतो, दाट झाडोऱ्यात १० ते ३० टक्के. पण साग तर मार्चमध्ये उघडा होतो. जे जंगल डिसेंबरमध्ये वारा अडवत होतं, तेच आता त्याला वाट देतं. म्हणून आडोशाचा गुणक पानगळीबरोबर बदलणारा ठेवला.

उतार: दर १० अंश चढाला आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. दिवसा वारा दरीतून वर चढतो, रात्री खाली उतरतो. दुपारी चढावर, आगीच्या वरच्या अंगाला माणसं पाठवायची नाहीत, हे प्रत्येक निरोपात येणार. वरच्या अंगाला तिखाडी गवत असेल तर आणखी जपायला हवं, कारण त्यात तेल असतं.

रात्रीची आर्द्रताही मोजायची. पहाटेपर्यंत ती ५० टक्क्यांच्या वर गेली नाही, तर आग रात्रभर चालू राहते आणि दुसरा दिवस कालच्या शिल्लकीवर सुरू होतो. अशा दोन रात्री लागोपाठ अंदाजात दिसल्या की खूण एक पायरी वर.

८ एप्रिल २०२५

अवकाळी पाऊस झाला तर यंत्रणा काय सांगेल, ते आकडे घालून आधीच बघितलं. डीएमसी ३००, डीसी १०००, पाचोळा ५ टक्क्यांवर, आणि १० मिमीची एक सर. नंतर ३४ अंश, ३० टक्के आर्द्रता, १० किलोमीटर वारा. सरीने हलका थर १४४ टक्क्यांपर्यंत भिजतो, पण त्याच दिवसाच्या हिशेबात १६ वर आणि दुसऱ्या दिवशी ८ च्या खाली येतो. एफएफएमसी ८५, मग ९३. डीएमसी ८३ वर कोसळतो, डीसी ८६० च्या आसपास राहतो, बीयूआय ३४३ वरून १३४. आणि बीयूआयचा गुणक? ४० वरून फक्त ३३.

म्हणजे दहा मिलिमीटरने मिळालेली उसंत दोन दिवसांची. पाऊस पडला म्हणून फायर वॉचरना आठवडाभर दुसऱ्या कामाला लावायचं, हे अंगाशी येऊ शकतं. जमिनीवर मात्र एक वेगळी गोष्ट तपासायची आहे. पावसाने सागाचे द्रोण चपटे होऊन एकमेकांना चिकटतात, आणि वरचा थर वाळला तरी खालचा दमट राहतो. अशा वेळी आग वरवर पळते, खोल जात नाही. दोन डब्यांच्या पद्धतीचा खरा उपयोग इथेच. सर आल्यावर सलग चार दुपारी नमुने घ्यायचे.

जाळरेषांबद्दलही (आग अडवायला आधीच मोकळे केलेले पट्टे). डिसेंबर-जानेवारीत कापून जाळलेल्या रेषेवर फेब्रुवारी-मार्चची पानगळ पडते आणि रेषेचाच पूल होतो. शिवाय कमी तीव्रतेची आग गेली की करपलेली पानं आठवड्याभरात खाली येऊन जळालेल्या जागी नवा थर देतात. 'तिथे एकदा जळून गेलंय' हा भरवसा खोटा. नकाशात जळालेली जागा सुरक्षित धरण्याआधी एक चित्र उशिराचं बघायचं. लाल दिवसाच्या आदल्या दुपारी रेषेवर ब्लोअर फिरवायचा, हे निरोपात कक्ष क्रमांकासह.

२४ एप्रिल २०२५

निरोपाचा नमुना ठरला. पाच ओळींच्या वर नाही, नकाशा नाही, निर्देशांकाचा आकडा नाही.

'उद्या नेहमीपेक्षा जास्त धोका. वेळ दुपारी १२ ते ५. वारा पश्चिमेकडून, ३ नंतर वायव्येकडून. पाचोळा पूर्ण वाळलेला. पूर्वेकडच्या जाळरेषा आज झाडून घ्या, उद्या चढावर वरून आग झोडपू नका.'

दिशा सांगताना वारा कुठून येतो आणि आग कुठे जाईल, यात गफलत होते. पश्चिमेचा वारा आग पूर्वेला नेतो. म्हणून जाळरेषेची बाजू नाव घेऊनच सांगायची. धोका नसलेल्या दिवशी निरोप नाही. पण यंत्रणा बंद आहे की धोका नाही, हे कळावं म्हणून सोमवारी 'यंत्रणा चालू' एवढीच एक ओळ.

१६ मे २०२५

दुपारनंतरच्या वळवाच्या ढगांसाठी वेगळी खूण जोडली. ढगाखालची हवा कोरडी असेल तर पाऊस वाटेतच विरतो आणि गार झोत जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. दहा मिनिटांत वारा तिप्पट होतो आणि दिशा उलटते. आयएसआयला हे दिसत नाही, कारण तो दुपारच्या एका आकड्यावर उभा आहे. इथे बाष्पतूट (हवेत अजून किती बाष्प मावेल ते) आणि वारा यांचा गुणाकार तासाला बघणं बरं: ४० अंश आणि १५ टक्क्यांना बाष्पतूट ६.३ किलोपास्कल, ३६ अंश आणि ३० टक्क्यांना ४.२. पण झोताची नेमकी जागा २७ किलोमीटरच्या चौकटीतून सांगता येणार नाही, आणि निरोपात तसा आव आणायचा नाही. फक्त एवढंच: 'दुपारी ३ नंतर ढग दाटले तर आगीच्या कोणत्याच बाजूला उभे राहू नका, जळालेल्या जागेत या.'

१२ जून २०२५

केंद्र उतरवण्याची तयारी. सेन्सर काढून सिलिका जेलसह बंद डब्यात, पर्जन्यमापक मात्र पावसाळाभर चालू. डीसी परत १५ वर कधी आणायचा, हे कॅलेंडरवर न सोडता पावसावर ठरवायचं, म्हणून मापकाची सलग नोंद हवीच. खांबाची पश्चिमेची तार सैल झाली आहे, ऑक्टोबरमध्ये उभारताना बदलायची. जाळीच्या घुमटात अडकलेली दोन पानं काढली, दोन्हींच्या शिरा आता वाकतात, तुटत नाहीत.